सोळाव्या किलोमीटरवर

"ह्ये कोण हाईत?" धनलक्ष्मीनं नवऱ्याकडं बोट दाखवून विचारलं.

मल्लिकार्जुन चरकला. कमठाण्याहून पहाटे तोच तिला बिदरला घेऊन आला होता. अर्धमॅरेथॉनमध्ये ती धावत होती आणि तो मोटारसायकलवर कडेकडेनं येत होता. सोळाव्या किलोमीटरला, कोळारच्या कारखान्यांपाशी, ती झोकांड्या खाऊ लागली. त्यानंच उचलून तिला उपचाराच्या तंबूत आणलं होतं.

तंबूत नर्स मंजुश्री एकटीच होती. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. बाईचं अंग तापलेलं नव्हतं. रक्तातली साखरही ठीक होती. तरी ती ओकत होती आणि मध्येच विचारत होती, "बस गेली का हो?" मंजुश्रीला काहीच उमगेना. तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्या वाटेत होत्या.

मल्लिकार्जुननं पाण्याची बाटली बायकोच्या ओठांना लावली. मंजुश्रीनं ती दूर सारली. "शुद्ध नीट न्हाई. ठसका लागंल."

"मग सलाईन लावा की! बघत कामून बसलाव?"

बाहेर जमलेले लोकही ओरडू लागले. मंजुश्री औषधांच्या खोक्यापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"हिला काय येत न्हाई," कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात धनलक्ष्मीला झटका आला. हातपाय ताठ झाले.

डॉक्टर शिवलीला धावतच आत शिरल्या. धनलक्ष्मीची सुजलेली बोटं त्यांनी दाबून पाहिली. "पाणी किती प्याली?"

"दर किलोमीटरला थांबवून मीच पाजविलो. नऊ-धा बाटल्या झाल्या असतील," मल्लिकार्जुन म्हणाला.

"सलाईन दिलीस?"

"न्हाई," मंजुश्री पुटपुटली.

"वाचवलंस तिला. पाणी अति झालंय, रक्तातलं मीठ उतरलंय. साध्या सलाईननं मेंदूची सूज आणखी वाढली असती."

त्यांनी स्वतःच्या बॅगेतली जास्त मिठाची छोटी सलाईन लावली आणि तिला घेऊन ॲम्ब्युलन्स सुटली.

दुपारी दवाखान्यात धनलक्ष्मीनं डोळे उघडले. नवऱ्याकडं पाहत म्हणाली, "जेवलाव का?"

मल्लिकार्जुन बाहेर आला. व्हरांड्यात मंजुश्री उभी होती. तो सरळ तिच्या पायाशी वाकला. "माझ्या हातानं मारायलो होतो मी तिला. तुमी वळखलाव, अक्का."

मंजुश्रीनं त्याला धरून उठवलं. तिला रडू फुटलं.

"मी काय वळखले न्हाई, अण्णा. मी बी सलाईनच हुडकायले होते. सापडली न्हाई."