टाचणी लावलेली पानं

“एवढी बारीक अक्षरं! पुस्तक काय मुंग्यांसाठी छापलंय?” लेकीच्या खांद्यावरून डोकावत आई कुरकुरली. उद्या आईची लायसन्सची लेखी परीक्षा. वर्षभर धूळ खात पडलेली बाबांची स्कूटर आता तीच चालवणार होती. लेक प्रश्न वाचत होती, आई भांडी पुसता पुसता फटाफट उत्तरं देत होती. “अगं, एकोणीसनंतर एकदम चोवीस? मला काय ढ समजतेस?” लेकीनं पुस्तक जवळ ओढलं. मधली पानं तिनंच टाचणीनं बंद केली होती. रस्ता ओलांडताना बाबा ट्रकखाली गेल्यापासून सगळे ड्रायव्हरलाच शिव्या घालत. बाकीचं कोणी बोलत नसे. आईनं हात पुसले, टाचणी उपसली, मोठ्यानं वाचलं, “पादचाऱ्यांचा सिग्नल लाल असताना पायी चालणाऱ्यानं काय करावं?” “थांबावं,” लेक पुटपुटली. “थांबलेच होते गं तुझे बाबा.” आईनं टाचणी मुठीत घट्ट धरली. “पलीकडून हाक मारली, ती मी.”