रुंद चाकांच्या कमानी

१९७४ सालातल्या एका रविवारी मामंजींनी गाडीच्या चाकांवर बसवायच्या फ्लेअरचे तीन जोड अंगणात भिंतीला टेकवून ठेवले आणि सुनेला हाक मारली.

“यातला कुठला शोभेल सांग.”

“ज्याची गाडी त्याला विचारा,” ती दारातूनच म्हणाली.

ज्याची गाडी होणार होती तो घड्याळजी टोपी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला होता. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. “मला यातलं कळत नाही,” तो म्हणाला. “त्या सांगतील ते.”

“गाडी घेताय आणि कळत नाही म्हणता?” तिनं विचारलं.

“म्हणून तर विचारतोय.”

दोन दारांची, बिनछपराची ती जुनी स्पोर्ट्स कार तिच्या नवऱ्याची. भंगारातून आणून त्यानं ती बापाच्या पत्र्याच्या कारखान्यात उभी केली. मडगार्डं तर स्वतःच्या हातानं ठोकून घडवली. दोन वर्षांपूर्वी एका ओल्या वळणावर चाकं घसरली. गाडीला नुसता पोचा आला. नवरा बाहेर फेकला गेला, तो गेलाच.

तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती, आणि तीही तशीच, कशाखाली तरी.

आता मामंजी म्हणत होते, गाडी देऊन टाकू, माणूस भला आहे. पण देण्याआधी तिला रुंद चाकं घालायची. रुंद चाकं मडगार्डाच्या बाहेर येतात. ती झाकायला वरून पत्र्याच्या कमानी बसवायच्या, तेच फ्लेअर. आणि त्यासाठी मूळ मडगार्डाची कड कापायची.

नवऱ्याच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि नेमकं तेच कापायचं होतं.

“अरुंद लावा,” ती शेवटी पायरी उतरून म्हणाली. “कमी कापावं लागेल.”

“अरुंदाखाली अरुंदच चाक बसतं, मुली.” मामंजींना खोकल्याची उबळ आली. हल्ली ते फार खोकायचे. “मला पुन्हा कुणी घसरायला नको.”

मग तिनं मधला जोड दाखवला. त्यानं मडगार्डाची गोलाई मोडत नव्हती.

खडूची रेघ मारून झाली. मामंजींनी कात्री उचलली, ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा उचलली. पोराच्या अंगाला लावावी तशी जपून ती पत्र्याला लावली. चंद्रकोरीसारखा एक तुकडा खाली पडला. त्याच्या आतल्या बाजूला हातोडीचे ठसे होते. तिनं तो उचलला आणि कुणाकडे न बघता आत निघून गेली.

पुढच्या रविवारी घड्याळजी एक बारीक कानस घेऊन आला. “त्या पत्र्याला धार असेल. हात कापायचा तुमचा. द्या, घासून देतो.”

तिनं तो आधी दिला नाही. मग दिला.

कमानी बोल्टवर बसल्या तशी मामंजींनी किल्ली तिच्याच हातात ठेवली. “चाक घासतंय का ते भरल्या गाडीतच कळतं. तू चालव. घड्याळजी, तुम्ही शेजारी बसा, वजनाला.”

“मी का? गाडी त्यांची ना?”

“चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. घासल्याचा आवाज बसणाऱ्याला येतो. आणि यांचा कान घड्याळाचा आहे.”

दोन वर्षांनी तिनं स्टिअरिंग धरलं. शेजारचा माणूस पोत्यासारखा बसून होता.

“आलं का काही ऐकू?” परत येताना तिनं विचारलं.

“तुम्ही वळणावर श्वास धरता,” तो म्हणाला. “बाकी काही नाही.”

तरी मामंजींना समाधान नव्हतं. बोल्ट सैल करायचे, कमान जराशी वर सरकवायची, पुढच्या रविवारी पुन्हा फेरी.

“ट्रकचं अख्खं बोनट तुम्ही एका दिवसात सरळ करता,” तिनं एकदा टोमणा मारलाच. “याला किती रविवार?”

“म्हातारा झालो,” ते म्हणाले आणि खोकत आत गेले.

मामंजी त्याच हिवाळ्यात गेले. कारखान्याची जागा एका सुतारानं घेतली. तिनं पुढे बायकांना गाडी चालवायला शिकवण्याचा वर्ग काढला आणि डोळ्यांनी साथ दिली तोवर चालवला. घड्याळजीचं दुकान कोपऱ्यावरच राहिलं. तिथल्या भिंतीवर घड्याळांच्या मधोमध पत्र्याची एक चंद्रकोर टांगलेली असे. गिऱ्हाईकं थट्टेनं विचारत, याचे काटे कुठे गेले. गाडी गंजून संपली, पण त्या कमानी शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

हे सगळं पुढचं. त्या शेवटच्या रविवारी मामंजी अंथरुणाला खिळले होते. अंगणात तिनंच किल्ली पुढे केली.

“सांभाळा,” ती म्हणाली.

घड्याळजीनं हात पुढे केला नाही. “मला गाडी चालवता येत नाही.”

“मग इतके रविवार आलात कशाला?”

त्यानं मामंजींच्या बंद खिडकीकडे पाहिलं, टोपी या हातातून त्या हातात घेतली.

“ते दुकानात आले होते. म्हणाले, मी आता फार दिवसांचा नाही आणि सुनेला एकटीला टाकून मला जाववत नाही. लग्नाचा विषय काढला तर ती दार लावून घेईल, तेव्हा तुम्ही आपले गाडीचं गिऱ्हाईक म्हणून या.”