तोडलेली शेपटी

आटपाडीच्या बनुबाईचा लांब शेपटीचा मेंढा चोरीला गेला, आणि आठवड्यात दीर तातोबाच्या आखूड शेपट्यांच्या कळपात तसलाच मेंढा दिसला. शेपटी मात्र तोडलेली.

"वैनी, तुमच्याची शेपटी घोट्याला लागत हुती. ह्येला कुठाय?" तातोबा पंचांदेखत हसला.

बनुबाईनं ओठ आवळून हात जोडले. "देव बघतोय," म्हणाली, आणि रोज कीर्तनाला जाऊन बसू लागली.

पाच महिन्यांनी तातोबाच्या मेंढ्या व्याल्या. एकूणएक कोकराची शेपटी घोट्यापर्यंत! पंचांनी मेंढा तर दिलाच, वर दंड म्हणून सगळी कोकरंही बनुबाईच्या मेंढरांच्या वाडग्यात घातली.

"वळखला हुता, तर इतके दिस गप का बसलासा?" तातोबा कळवळला.

कोकरांवर बिरोबाचा भंडारा उधळत ती म्हणाली, "तवाच भांडले असते, तर एकला मेंढाच मिळाला असता, भावजी."