शुक्रवारचा खेळ

शाळेच्या मैदानावरच्या बॅनरवर उझैरचा फोटो होता. लाल जर्सी, छातीवर चौदा नंबर, काखेत बास्केटबॉल. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : आपला उझैर आखातात चमकला, आता तुमची पाळी.

बॅनरसमोर चाळीसेक मुलं रांगेत उभी होती आणि त्यांच्यामागे त्यांचे बाप, हातात झेरॉक्सची पाकिटं घेऊन. मुंबईहून आलेला एजंट कुलदीप माइकवरून सांगत होता, की गेल्या वर्षी श्रीवर्धनचा एकच खेळाडू नेला, यंदा सहा न्यायचे आहेत. परदेशी क्लबचा करार, राहणं-खाणं क्लबचं. पहिल्या खुर्चीवर उझैरचे अब्बा हमदुल्ला बसले होते. त्यांच्या खांद्यावर कुलदीपने नुकतीच शाल घातली होती. हमदुल्लांनी बावीस वर्षं आखातात शेठ लोकांच्या गाड्या चालवल्या. मुलगा मात्र तिथे खेळायला गेला, हे ते वर्षभर भेटेल त्याला सांगत होते.

उझैर फाटकाशी उभा राहून ऐकत होता. त्याला परत येऊन दीड महिना झाला होता. करार संपला, एवढंच त्याने घरी सांगितलं होतं. या निवड चाचणीचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. बाजारातून जाताना बॅनर दिसला आणि तो थांबला.

तो फोटो पहिल्या दिवशीचा होता. जर्सी त्याच्या मापाची नव्हती, म्हणून पाठीमागे चिमटे लावून बसवली होती. फोटो झाल्याबरोबर जर्सी काढून घेतली, पासपोर्टही घेतला, आणि त्याला क्लबच्या मालकाच्या टायरच्या गोदामात पाठवलं. मुंबईत तीन वर्षं कंपनीच्या संघातून पगार घेऊन खेळलेला माणूस अकरा महिने टायर उतरवत होता. बॉल हाताला लागायचा तो फक्त शुक्रवारी, मालकाच्या बंगल्यावर.

तो मैदानात आला तशा टाळ्या पडल्या. कुलदीप क्षणभर बावरला, मग त्याने हसत माइक पुढे केला. उझैरने माइक घेतला नाही. त्याने टेबलावरचा बॉल उचलला आणि रांगेतल्या पहिल्या मुलाला दिला. तो सहाआसनी रिक्षा चालवणाऱ्या सदाचा मुलगा धनेश, पंधरा वर्षांचा, उंच आणि किडकिडीत. टाक, म्हणाला. आणि स्वतः बास्केटखाली हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

धनेशचा पहिला बॉल रिंगला लागून बाहेर पडला. उझैरने तो धावत जाऊन आणला आणि मान झुकवून धनेशच्या हातात दिला. दुसरा आत गेला. उझैरने टाळ्या वाजवल्या. पुन्हा बॉल आणून दिला, पुन्हा हात मागे बांधले. लोकांना गंमत वाटली, काही हसले. सहाव्या-सातव्या वेळी हसणं थांबलं. सव्वासहा फुटांचा माणूस एका पोरासमोर नुसता उभा होता आणि बॉल त्याच्या डोक्यावरून जात होता.

"अरे, ब्लॉक कर ना भाई," कुलदीप म्हणाला. "पोरांना काहीतरी दाखव."

"ब्लॉक करायचा नाही, हीच माझी नोकरी होती," उझैर म्हणाला. "मालकाची पोरं बॉल टाकणार, मी आणून द्यायचा, आत गेला की टाळ्या वाजवायच्या. एकदा सवयीने हात वर गेला. त्यापायी महिनाभर मला भर दुपारी उन्हात टायर उतरवायला लावले."

मग त्याने बाकीचंही सांगितलं. चिमट्यांचं, पासपोर्टचं, अकरा महिन्यांत एकही सामना न मिळाल्याचं. टायरांबद्दल बोलताना त्याचा आवाज साधा होता. आता दहांतले चार बॉलसुद्धा आत जात नाहीत, हे सांगताना मात्र आवाज कापला. या माणसाला मी तिथून सात वेळा फोन केला, त्याने एकदाही उचलला नाही, असं म्हणून त्याने कुलदीपकडे बोट दाखवलं.

कुलदीपने माइकवरून समजावलं, की प्रत्येक खेळाडूला परदेश झेपत नाही. करार वाढला नाही की माणूस कडवट होतो, नवीन मुलांनी ते मनावर घेऊ नये. बोलताना तो घड्याळ बघत होता.

हमदुल्ला उठले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. ते मुलासमोर येऊन उभे राहिले.

"दर शुक्रवारी तू फोनवर सांगायचास, अब्बा, आज मॅच हाय."

"तीच मॅच, अब्बा."

हमदुल्लांनी शाल उतरवून कुलदीपच्या टेबलावर टाकली. मग ते खांबाकडे गेले आणि बॅनरची दोरी सोडायला लागले. गाठ पक्की होती. कुलदीप माइक टाकून धावत आला आणि बॅनरला हात लावायचा नाही म्हणाला. हमदुल्लांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. उझैरने दुसऱ्या खांबाची दोरी तोडली. बॅनर खाली आला, फोटो मातीत पालथा पडला.

रांगेतून कुणी हललं नाही. फक्त धनेशचा बाप सदा पुढे आला. तो वाकून बाप-लेकाबरोबर बॅनरची घडी घालू लागला. दोन घड्या झाल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"उझैर, रागवू नको. पन व्हिसा तं खरा व्हता ना?"