डाव्या पट्ट्याची गाठ

डाव्या पट्ट्याचं बकल तुटकं निघालं. लष्कराच्या जुन्या मालातली सॅक, दुसरं काय निघणार! हरेश्वरने सामान भरून ती पाठीवर घेतली, तर एका अंगाला लोंबायला लागली. पहाटे गोराईची खाडी ओलांडून बोरीवलीला ट्रेकच्या पोरांना गाठायचं आणि तिथून भीमाशंकर. असा वाकडा चालला असता तर पायथ्यालाच कंबर धरून बसला असता.

त्याची आई, सगुणाबाई, जाळं सांधत होती. ती उठली. जाळ्याच्या दोरीचा तुकडा घेतला, पट्टा वर ओढला, खांद्यापाशी बोट घालून बघितलं, जरा सैल केला आणि निरगाठ मारली. कोळणीची गाठ ती, सुटायचं नाव नको. सॅक पाठीला झकास बसली. नवरा गेल्यापासून बाईचं हे असंच. हात चालायचे, बाकी दगड. रडलीसुद्धा नव्हती.

हरेश्वरने गाठ चाचपली. ही चालणार नाही म्हणाला. वाटेत ओढा लागतो. पाण्यात पाय सरकला तर सॅक एका झटक्यात टाकता आली पाहिजे, नाहीतर ती माणसाला खाली घेऊन जाते, असं त्यांच्या म्होरक्याने, श्यामसुंदरने, बजावलं होतं.

"तुझ्या बापाची गाठ सुटली नाही, म्हणून सापडला तो."

खरंच होतं ते. वादळात फेकला जाऊ नये म्हणून तिच्या नवऱ्याने, महादूने, स्वतःला होडीला बांधून घेतलं होतं. होडी उलटली, किनाऱ्याला लागली, तिच्यासोबत त्याचा देहही लागला. नशीब गं बाई, निदान माणूस हाती आला, असं सगळा कोळीवाडा म्हणाला. वर्षभर ती तेवढ्यावर जगत होती.

हरेश्वर हळूच म्हणाला, "सापडला गं आये. पण पोहायला येत होतं त्याला."

सगुणाबाईचा हात गाठीवरच राहिला. मग तिने नखं लावली, दात लावले. गाठ सुटायला बराच वेळ लागला. त्याच दोरीची तिने सुरगाठ मारली आणि टोक त्याच्या हातात दिलं.

"ओढ."

त्याने ओढलं. डावा खांदा मोकळा झाला आणि सॅक उजव्यावरून घसरून धपकन खाली पडली. तिने ती उचलून परत त्याच्या पाठीवर चढवली.

"परत. आता डोळे मिटून."

चार-पाचदा तेच झालं. शेवटी शेजारची द्रौपदी दारात आली आणि मघापासून काय आदळतंय म्हणून विचारायला लागली.

"काही नाही गं," सगुणाबाई गाठ मारता मारता म्हणाली. "पोरगं सुटतंय का बघतेय."