झाकणाखालची तारीख

"सुईने टोकरून आता काही होणार नाही, मॅडम. चार्जिंगचा पॉइंट आतून झिजलाय. फोन उघडावाच लागेल," फोन दुरुस्त करणारा ताविया म्हणाला.

सेरवाचा हात आपसूक फोनवर गेला. गेलं वर्षभर तिने तो कुणाला उघडू दिला नव्हता. उघडला की कंपनीची वॉरंटी जाते, असं नवऱ्याने बजावलं होतं. म्हणून महिनाभर ती वायरीखाली काडेपेटी सारून चार्जिंग करत होती. मागच्या आठवड्यात वॉरंटी संपली आणि आज सकाळी फोनने मान टाकली.

"जपून हं. हॅम्बुर्गचा आहे. सीलबंद डब्यातून आलाय."

"हॅम्बुर्गचा असो नाहीतर चंद्रावरचा, आपल्या कुमासीची धूळ कुणाला सोडत नाही." तावियाने पेचकस उचलला. "घाई आहे का?"

"चारच्या आत पाहिजे."

चार वाजता तिच्याकडे मामा आणि दोन्ही मावश्या जमणार होत्या. बादू, तिचा नवरा, चार वर्षांपूर्वी जर्मनीला गेला तो मागच्या वर्षी सासऱ्याच्या, म्हणजे सेरवाच्या बापाच्या, अंत्यविधीलाही आला नाही. सासऱ्याची शवपेटी जावयाने द्यायची आणि चारचौघांत उभं राहून द्यायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती पेटी सेरवाने आपल्या शिलाईच्या कमाईतून आणली आणि बादूच्या नावाने दिली. त्याचे कागद झाले नाहीत, आता निघाला तर परत घेणार नाहीत, असं भर मांडवात सांगत फिरली. मावश्यांनी नाकं मुरडली. तीन आठवड्यांनी बादूने धाडलेला हा फोन आला, तेव्हा तिने तो त्यांच्या त्याच नाकांसमोर नाचवला. विसरला असता तर पाठवला असता का?

आज बादू याच फोनवर दिसणार होता आणि मामाची माफी मागणार होता. नाही मागितली, तर मामा लग्नात बादूच्या घरून आलेली दारू परत पाठवणार होता. म्हणजे लग्न मोडलं.

तावियाने कडा गरम करून झाकण उचकटलं आणि तो मोठ्याने हसला.

"अरे वा! हा तर माझाच पेशंट!"

"काय?"

"हे बघा ना." बॅटरीवर काळ्या पेनने लिहिलं होतं: ताविया, १५ मार्च, बादू. खाली मागच्या वर्षीचा आकडा. "माझंच अक्षर. हात लावलेल्या प्रत्येक फोनात लिहून ठेवतो मी. नाहीतर लोक दुसरीकडे वाट लावून आणतात आणि माझ्या नावाने बोंब मारतात. हाच पॉइंट बदलला होता. आमची गॅरंटी तीन महिने. कंपनीची काय घेऊन बसलात!"

"बादू नावाची कुमासीत शंभर माणसं असतील," सेरवा म्हणाली.

"असतील. पण हा लक्षात राहिला. शनिवार होता. सगळं गाव काळ्या-तांबड्या कपड्यांत, ज्याच्या त्याच्या अंत्यविधीला निघालेलं, आणि हा पठ्ठ्या नखशिखांत पांढऱ्यात! मी म्हटलं, बॉस, वाट चुकलात का? तर म्हणाला, आज माझ्या लेकाचं बारसं आहे. बायकोला नवा फोन घेतलाय, हा जुना नीट करून दे. वर सीलबंद डबा कुठे मिळतो तेही विचारलं. मीच त्या समोरच्या टेबलावर पाठवला."

"डाव्या भुवईवर..."

"व्रण. हो, हो. ओळखता तुम्ही?"

सेरवाच्या मुठीत घराच्या किल्ल्या होत्या. कडीला बापाचा लहानसा फोटो होता, अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला वाटला होता तसलाच, आणि फोटोखाली त्या दिवसाची तारीख. तिने मूठ उघडली आणि किल्ल्या उघड्या फोनशेजारी ठेवल्या.

तावियाने आधी बॅटरीवरची तारीख वाचली, मग कडीवरची. त्याचं हसू मावळलं.

"हे कोण?"

"माझा बाप."

"आणि बादू?"

"त्याचा जावई."

तिला रडू आलं नाही. अंत्यविधीच्या त्या सकाळी बादूने फोनवर हुंदके दिले होते. इकडे बर्फ पडतोय, सेरवा, आणि मी एकटाच बसलोय, म्हणाला होता. उलट तिनेच त्याची समजूत काढली होती. त्या बाईचं, त्या पोराचं नंतर बघता येईल. पण आपल्या बापाला आपणच या माणसाच्या नावाच्या पेटीत निजवलं, हे तिला सहन होईना.

तावियाने मान खाली घालून काम उरकलं. झिजलेला पॉइंट काढला, नवा डाक देऊन बसवला, वायर लावली. पडदा उजळला. मग त्याने सवयीने स्पिरिटचा बोळा उचलला. जुनी तारीख पुसून तो नवी घालत असे.

सेरवाने त्याचं मनगट धरलं.

"पुसू नकोस."

"मॅडम, माझं चुकलं. मी आपलं बडबडलो. कशाला रोज डोळ्यांपुढे..."

"तुझं काही चुकलेलं नाही. नीट लिहिलंयस, स्वच्छ."

"बरं. मग झाकण चिकटवतो."

"नको. झाकण वेगळं दे."

"उघडाच नेणार?"

"हो." तिने किल्ल्या उचलल्या. "चार वाजता तो पुढून बोलेल. मामा मागून वाचेल."