बस वळणावर आहे

गॅसवर उतू गेलेलं दूध.

जिन्यात राहून गेलेली एक चप्पल.

फोनमध्ये वारा, आणि वाऱ्यामागे एक मुलगी.

मुलगी इमारतीच्या गच्चीवर, कठड्याच्या पलीकडे उभी होती. कॉलेज अर्धवट सुटलेलं, घरात रोज उद्धार, आणि आज वडिलांनी तिचे कपडे दाराबाहेर भिरकावलेले. बसमध्ये तिला सगळे चिमणी म्हणत. बस म्हणजे एका कंपनीने वस्त्यांमधल्या तरुण पोरांसाठी काढलेली फिरती बस: आत दोन बाकं, चहाची किटली, आणि कोणाचंही रडगाणं न कंटाळता ऐकणारी ताई. आत्ता फोन त्याच ताईच्या कानाला होता.

अग्निशमन दलाला कळवून झालं होतं. त्यांची गाडी रेल्वे फाटकाशी अडकून पडली होती.

"महिनाभर दर मंगळवारी मी थांबले," चिमणी म्हणाली. "तुम्ही आलाच नाहीत. तुम्हीपण टाकलंत मला."

"बस बिघडली होती, बाळा."

"आणि आज?"

"आज निघालोय. ड्रायव्हरकाका नुसते दामटतायत."

एवढी धाप का लागलीय, चिमणीने विचारलं. रस्त्याची पार चाळण झालीय, ताई म्हणाली, धक्क्यांनी जीव मेटाकुटीला आलाय. मग ती बोलतच सुटली. काका कसे खड्ड्यागणिक नगरपालिकेचा उद्धार करतायत, चिमणीच्या खिडकीपाशी आज कोणालाच कसं बसू दिलेलं नाही, चहात साखर कशी जास्तच पडलीय. मागून एक कर्कश हॉर्न वाजला. ऐकलास ना, तिने विचारलं.

"काका अजून तसेच आहेत?" चिमणी नाक ओढत म्हणाली.

"तसेच. सुधारायचं नाव नाही. म्हणून तर सांगते, स्टॉपवर कोणी दिसलं नाही तर ते गाडी पुढे काढतील. माझंही ऐकायचे नाहीत. आधी कठड्याच्या आत ये. मग खाली."

फोनमध्ये वारा, आणि कठड्यावर काहीतरी घासल्याचा आवाज.

मग वारा थांबला. जिन्यात पावलं वाजली. मग रस्त्याचा गलका.

"खाली आलेय," चिमणी म्हणाली. "स्टॉपवर उभी आहे. बस कुठंय?"

"वळणावर आहे," ताई म्हणाली. एकाच पायात चप्पल घालून ती तशीच धावत राहिली.

कंपनीने बस मागच्या महिन्यात भंगारात काढली होती, आणि त्याच दिवशी काकांना आणि ताईला घरी बसवलं होतं.